काळे मास्तरांच्या पेटीतला समुद्र

शेजारी माणसं राहत असली की वर्षाला एखादा किस्सा होतो. शेजारी समुद्र राहत असला की किती झाले हे लक्षात राहत नाही.

आमच्या अकोल्यात, साठ सालच्या आसपास, काळे मास्तरांच्या ओसरीवर समुद्र होता. दोन हात लांब काचेची पेटी. मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवायचे. त्यांच्या मालतीबाई वेंगुर्ल्याच्या. सासरे आप्पाजी अंथरुणाला खिळलेले, म्हणून सहा वर्षं माहेरी जाणं नाही. शेवटी मालतीबाईंच्या भावानं रॉकेलच्या धुतलेल्या डब्यांतून समुद्राचं पाणी, चार मासोळ्या आणि एक समुद्रफूल आणून दिलं. फूल म्हणायचं, पण आहे जिवंत प्राणी. दगडाला चिकटून पाकळ्या हलवायचा. मालतीबाई रोज दुपारी त्याच्यासमोर बसायच्या. ज्या दिवशी ते मिटलेलं असेल त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

मी शेजारीण, मलाही रोज जावं लागायचं. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं ना.

*

एप्रिलात पेटीतलं पाणी आटू लागलं. मास्तर जेवढं आटेल तेवढं डब्यातलं समुद्राचं पाणी ओतायचे. पंधरा दिवसांत मासोळ्या सुस्त, फूल अर्धं मिटलेलं. मास्तर पुस्तकं काढून बसले.

मी म्हटलं, "मास्तर, कढी आटली तं मीठ उडून जाते का? साधं पाणी टाका वरून."

मास्तरांनी चष्मा काढला. "वैनी, पाणी खारट झालं हे तुमाले कसं समजलं?"

"मी रोज चाखते."

*

शाळेचा शिपाई गणपत पूर्णा नदीकाठचा. तिकडच्या विहिरी जन्माच्या खाऱ्या. एका रविवारी त्यानं बैलगाडीतून पिंपभर पाणी आणलं. "समुद्र कायले लागते मास्तर? आमच्या विहिरीत हाय ना."

मास्तरांनी त्यात लाल-निळे कागद बुडवून पाहिले. "गणपत, खारं हाय, पण हा खार वेगळा हाय. मासोई मरून जाईन."

गणपतला ते लागलं. "लय नखऱ्याची हाय तुमची मासोई. आमी याच्यातच वरण शिजवतो."

"शिजते?"

"शिजत नाही. पण खातो."

*

मग एकदा पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि वास सुटला. मास्तर हैराण. मालतीबाई मात्र खुशीत, कारण सासऱ्यांचं ताट हल्ली साफ असायचं. आप्पाजींची खाट पेटीला लागूनच. मी पेटीच्या तळाशी भाताची शितं दाखवली.

"आप्पा, तुमी मासोयांले भात घालून राहिले?" मास्तरांनी विचारलं.

"मंग," आप्पाजी म्हणाले, "त्यायच्या समोर एकट्यानं जेवू का?"

*

पुढं भावानं पुन्हा पाणी आणलं. डब्यांना रॉकेलचा वास राहतो म्हणून मालतीबाईंनी ते माहेरच्या तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलं. हंडा लग्नातला, काठावर वडिलांचं नाव कोरलेलं. तांब्यात पाणी शुद्ध राहतं, हे काय कोणी सांगायला हवं? हंड्यातलं पाणी पेटीत पडू लागलं आणि फूल मिटलं ते मिटलंच. मालतीबाई ओसरीवर यायच्या बंद झाल्या.

मास्तरांनी चार दिवस सगळं तपासलं. पाचव्या दिवशी हंड्यातल्या पाण्यात लोखंडी खिळा टाकून ठेवला. खिळ्यावर गंज नव्हे, तांब्याचा लालसर थर चढला. तांबं पाण्यात उतरलं होतं, आणि तेच फुलाला बाधत होतं.

मालतीबाई देवळात गेल्या तसे मास्तर रिकामा हंडा चादरीत गुंडाळून आमच्या दारात.

"वैनी, हा ठेवा तुमच्यापाशी. चोरीले गेला म्हणून सांगतो."

"काहून? खरं सांगा ना तिले."

"तुह्या बापाच्या भांड्यानं फूल मरून राहिलं, असं सांगू?"

पुढचं पाणी आलं ते चिनी मातीच्या बरण्यांत राहिलं, कारण हंडा चोरीला गेलेला. महिन्याभरात फूल उमललं. मालतीबाई पुन्हा दुपारच्या बसू लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे आले. भांडी पुरेनात, म्हणून मी तो हंडा काढला, घासला, भरून स्वयंपाकघरात ठेवला. नेमक्या मालतीबाई विरजण मागायला आल्या. हंड्यापाशी थांबल्या. काठावरून बोट फिरवलं, कोरलेल्या नावाशी थांबवलं. मी विरजणाची वाटी शोधत राहिले, जी माझ्या हातातच होती.

त्यांनी पेला बुडवला, उभ्यानंच पाणी पिऊन पेला पालथा ठेवला.

"वहिनी, ह्याला चिंचेनं घासत जा," म्हणाल्या. "राखेनं काळा पडतो."

आणि विरजण घेऊन गेल्या.