पाठ न फिरवता

हजच्या शेवटच्या संध्याकाळी, मगरिबची नमाज होताच, माझ्या फुफूवर, म्हणजे आत्यावर, अन्याय झाला. निरोपाचा तवाफ, म्हणजे काब्याभोवतीच्या शेवटच्या सात फेऱ्या, संपवून ती काब्याकडे तोंड करून मागे मागे चालत निघाली होती. मी मागून तिला सांभाळत होते. टूरवाल्याने दंड धरून तिला सरळ वळवलं.

"खाला, नीट चाला. बस सुटेल."

"सुटू दे की. मी काय पुन्हा येणारेय?"

बस धरली. फुफू त्यानंतर वर्षभरात गेली.

लहानपणी हर्णैला फुफूकडची सुट्टी संपवून निघाले, की एसटी वळणाआड जाईपर्यंत ती अंगणात उभी असायची. आमच्याकडे तिने कधी आधी पाठ फिरवली नाही.

तुमच्या घरचं म्हातारं माणूस कुठून शेवटचं निघत असेल, तर त्याचा दंड सोडा. बस थांबवा.