डावा हात मोकळा

दापोडीला आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की माझे वडील त्याला लिंबूपाणी पाजायचे आणि म्हणायचे, "झालं? चल आता, कामाला लाग." त्या घरात मी वाढलो. पुढे एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून वाकवणाऱ्या मशीनांवर काढली. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढीच माझी श्रद्धा. आज वय चौऱ्याहत्तर. खाली लिहितोय त्याचं कारण मी वर्षभर शोधतोय...

आता मी मुलाकडे वाकडला असतो, चौदाव्या मजल्यावर. माझी नात सायली बावीस वर्षांची आहे. लोकांनी हौसेनं बनवून इंटरनेटवर फुकट टाकलेले छोटे व्हिडिओ गेम ती शोधते आणि त्यांच्या चमत्कारिक नावांचा अर्थ काय असेल, यावर व्हिडिओ करते. गेल्या उन्हाळ्यात एकदा सकाळी अकराच्या सुमाराला ती लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

"आबा, पेपर ठेवा. एक मराठी गेम सापडलाय, पण नावाचा अर्थच लागत नाहीये."

"मला विचारतेस? मला पत्ते सोडून कुठला गेम येत नाही."

"पत्त्यांत तरी कुठे येतो? चीटिंग करता. हे बघा."

पडद्यावर तीन शब्द होते. डावा हात मोकळा. बनवणाऱ्याचं नाव नाही, माहिती नाही, काही नाही.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सायली खाली लोकांनी लिहिलेलं वाचत होती. "एक जण म्हणतो, डावखुऱ्यांवर आहे. एकाला यात राजकारण दिसतंय. हा एक बघा — उजव्या हातानं खेळा, डाव्यानं वडापाव खा." ती हसली.

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, एकटेपणा. हात मोकळा, म्हणजे धरायला कुणी नाही."

मग तिनं गेम सुरू केला. करडा पडदा, खाली दोन गोल. कीबोर्डवरच्या दोन कळा एकाच वेळी दाबायच्या. दाबल्या की वरून जड ठोकळा खाली येतो, पत्र्याची पट्टी वाकते, बाजूला सरकते. पुन्हा दोन कळा, पुन्हा ठोकळा. गोष्ट नाही, संगीत नाही. पाचेक मिनिटांनी डावा गोल आपोआप दाबलेलाच राहिला आणि त्याच्या कडेला एक बारीक कांडी दिसू लागली — अर्धी लाल, अर्धी निळी. आता उजव्या हाताची एकच कळ पुरत होती. वेग वाढला.

"हे मॅग्नेट आहे," सायली म्हणाली. "शाळेत असायचं ना, लाल-निळं."

ते मॅग्नेट नव्हतं. ती माझी पेन्सिल होती.

आता जे लिहितो ते मी त्या दिवसापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी चाकणजवळ एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोकळा खाली येत नाही. कारण साधं आहे — दोन्ही हात बटणावर असले तर एकही हात ठोकळ्याखाली जात नाही. त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला माल दोनच्या आत गाडीत चढवायचा होता आणि काम मागे पडलं होतं. मी नामदेव लवटेच्या मशीनचं डावं बटण दाबलं आणि कडेच्या फटीत माझी लाल-निळी पेन्सिल खोचली. मालावर खुणा करायला ती फक्त सुपरवायझरकडे असायची.

नामदेव लातूरकडचा. कधी उलट बोलणारा नव्हता. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "साहेब, डावा हात मोकळा राहतोय की ओ."

मी म्हणालो, "मग मोकळ्या हातानं माल सरकव. चल, आटप."

तासाभरात त्याचा डावा हात मनगटापासून गेला.

सगळे त्याला उचलून टेम्पोकडे धावले. शॉपमध्ये मी एकटाच होतो. मी पेन्सिल काढून खिशात घातली. नामदेवच्या ट्रेमध्ये लाकडाची एक पाचर पडली होती, ती तिथं खोचली. चौकशीत लिहिलं गेलं, कामगारानं स्वतः बटण अडकवलं. त्याखाली माझी सही आहे.

इतकं होऊनही मी दुसऱ्या दिवशी फळं घेऊन दवाखान्यात गेलो. त्याच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, मला बाहेर गाठून विचारलं, "साहेब, ते म्हनत्यात बटन तुमी अडकिवलं. खरं का ओ?"

मी म्हणालो, "घाईत झालं असेल ताई त्याच्याकडून."

... तर हे सगळं डोक्यात घेऊन मी सायलीला म्हणालो, "मला खेळू दे." दोन कळा, ठोकळा. दोन कळा, ठोकळा. मग डावा गोल अडकला, ती कांडी आली, आणि मी उजव्या हातानं दाबत राहिलो.

"आबा," सायली म्हणाली, "टचस्क्रीन नाहीये ती."

मी खाली बघितलं. माझा डावा हात कीबोर्डवरून उठून पडद्याला टेकला होता, बरोबर ठोकळ्याखाली. तो मी तिथं नेला नव्हता. मागे घेतला तो सायलीनं धरून, आणि तिला जोर लावावा लागला.

पडदा काळा झाला. थोड्या वेळानं मशीन पुन्हा दिसलं, शेजारी कुणी नसलेलं. लाल-निळी कांडी गेली आणि तिच्या जागी एक तपकिरी त्रिकोण आला. गेम तिथंच संपला.

"हा शेवट म्हणजे बग आहे," सायली म्हणाली. "सगळे तसंच म्हणतात. आबा? आबा, पाणी आणू?"

पाणी पिऊन झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "पत्ता आहे त्यांचा?"

जुन्या कामगारांकडून दिघीचा पत्ता मिळाला. सायलीला घेऊन मी तिथं गेलो. नामदेव चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन वारला होता. सुलोचनाबाईंनी मला लगेच ओळखलं. "साहेब, तुमी? बसा, च्या टाकते." मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. उभ्यानंच सांगितलं, पेन्सिलपासून पाचरीपर्यंत.

त्या चुलीपाशी जाता जाता दारातच थांबल्या होत्या.

"मी त्यांनला म्हनले होते," त्या म्हणाल्या, "साहेब फळं घिऊन आले, देवमानूस हाय, त्यांच्यावर कशाला ढकलता? त्याच्यानंतर ते त्या गोष्टीवर कदी बोललेच न्हाईत बगा. चौदा वर्सं. भाकर मोडून द्यावी लागायची त्यांनला. मोडताना रोज म्हनायचे मी — तुमचं तुमीच करून घेतलंत."

चहा झाला नाही. कुणी रागावलंही नाही. रागावलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांची मुलगी अश्विनी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते; तीही घरात होती. सायलीनं तिला आपल्या फोनवर गेम दाखवला. तिनं तो दोनदा शेवटपर्यंत बघितला. "बाबांना साधा फोनसुद्धा धड येत नव्हता," ती म्हणाली. "हे पेन्सिलीचं तर आम्ही आजच ऐकतोय." फोन परत देताना माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, हे लिहून द्या. नाव घालून. तोंडी तर बाबांनीपण सांगितलं होतं."

तसं मी सही करून तिला लिहून दिलं. आणि इथंही लिहितोय, कारण चौकशीचा तो कागद अनेकांनी वाचला होता. नामदेव लवटे यांनी बटण अडकवलं नव्हतं. ते मी अडकवलं. त्यांनी मला आधीच बजावलं होतं.

राहता राहिला गेम. सायलीनं गेमच्या पानावरून बनवणाऱ्याला चार वेळा लिहिलं, उत्तर नाही. ती म्हणते, नामदेवकाका कुणाशी तरी बोलले असतील, त्याच्या घरातलं कुणी कॉम्प्युटर शिकलं असेल. असेलही. ते वाक्य नामदेवला माहीत होतं, पेन्सिल त्याच्यासमोर खोचली होती. पण पाचर? मी पाचर खोचली तेव्हा तो टेम्पोत होता, बाकीचे गेटवर होते आणि शॉपमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तो तपकिरी त्रिकोण काढणाऱ्यानं हे कुठून बघितलं, याचा मला आजही पत्ता नाही.

गेम अजून तिथंच आहे. नावाचा अर्थ मी त्याखाली लिहून ठेवलाय. लोक आता तो वाचतात आणि बहुतेक जण काही न लिहिता निघून जातात.

हे सगळं मी सायलीच्या लॅपटॉपवर एका बोटानं टाइप केलंय, उजव्या हाताच्या. सवय नाही, वेळ लागतो. डावा हात बाजूला रिकामा पडून असतो. तो कुठं ठेवावा, हे मला समजत नाही... मधूनमधून त्याच्याकडे बघावं लागतं.