दगडी कापूस

कोरियातल्या बुसानच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पिलसुनबाईंच्या टेबलाशी भलेभले प्रोफेसर कान पकडून उभे राहत. "अहो, आजाराची माहिती बातम्यांत शोधताय? आणि एका शब्दावर अडून बसलात?" असं चारचौघांत सुनवायला बाई मागेपुढे बघत नसत. अठ्ठावीस वर्षं हाच तोरा! कुठली सूची, कुठला शब्द, सगळं जिभेवर.

म्हणून थोरल्या बहिणीच्या, दोकजाच्या कामाला त्यांनी चुटकीसरशी हो म्हटलं. दोकजाची छाती सूतगिरणीनं खाल्ली होती. पण ते मान्य करून भरपाई द्यायला सरकारी कार्यालयाला जुना पुरावा हवा होता, त्या गिरणीत ती विषारी धूळ होती असा.

चार महिने पिलसुननं देशातल्या, परदेशातल्या सगळ्या मोठ्या सूच्या पालथ्या घातल्या. शब्द एकच, डॉक्टरांचा, पुस्तकी: सोकम्योन, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. हाती काही लागेना.

लसूण सोलता सोलता दोकजा धापा टाकत म्हणायची, "अगं, आम्ही त्याला दगडी कापूसच म्हणायचो. एक डॉक्टरीणबाई आली होती, तिनंही तेच लिहून घेतलं."

"ताई, अभ्यासाच्या कागदात असलं गावठी लिहीत नाहीत. कार्यालयात तरी बोलू नकोस, हसतील."

दोकजानं कार्यालयात तो शब्द काढलाच नाही. धाकटी शिकलेली ना! अर्ज फेटाळला गेला आणि त्याच महिन्यात ती गेली.

इस्पितळाच्या अंत्यविधीच्या दालनात लाल रश्श्याचे वाडगे फिरत होते. गिरणीतली मैत्रीण ओकसिम पिलसुनशेजारी टेकली. "तुझ्या ताईचा फोटो काढला होता बरं त्या डॉक्टरणीनं. मांडीवर दगडी कापसाचा ढीग, आणि ही आपली हसतेय! पुस्तक निघणार म्हणाली होती."

पिलसुनच्या हातातला चमचा तसाच राहिला. शोकाच्या काळ्या कपड्यांतच ती उठली आणि टॅक्सीनं ग्रंथालय गाठून तळघरात उतरली. संगणक आल्यापासून पुस्तकांच्या जुन्या सूचीकार्डांचे खण तिथं धूळ खात पडले होते. दगडी कापूस. कार्ड सापडायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

'दगडी कापूस कातणाऱ्या मुलींची छाती', १९७८. फडताळातून पुस्तिका काढली. पान एकोणीस: गिरणीचं नाव, दोकजा, वय एकवीस, खोकला सुरू.

कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईत शेरा होता: 'शब्द अशास्त्रीय. संगणकात घेऊ नये.' खाली सही. वळणदार, तरुणपणीची, पिलसुनची स्वतःची.

ती पुस्तिका घेऊन परतली. दालनात फुलांमध्ये मांडलेल्या फोटोतल्या बहिणीकडे तिला बघवेना.

"मिळालं का गं?" ओकसिमनं विचारलं.

"मिळालं."

"मेलं इतके दिवस होतं कुठं?"

"मीच पुरलं होतं," पिलसुन म्हणाली.