तक्रार चॅटवर होती, साहेब अॅपमध्ये शोधत होते

मंडळी, आज नागापूरच्या आमच्या कारखान्यात माझा फार संताप झाला.

मशीनच्या तक्रारींसाठी कोडिंगशिवाय अॅप बनवायचं होतं. कामगारांच्या रोजच्या चॅट ग्रुपमध्येच फॉर्म बसवू, असं मी सुचवलं होतं. साहेबांनी वेगळं अॅप निवडलं. कारखाना बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला बरं म्हणे.

सकाळी प्रेस मशीनला नमस्कार करताना ते चालवणाऱ्या शांताबाईंना हात वाचवणारी जाळी सैल दिसली. त्यांनी प्रेस बंद ठेवून चॅटवर फोटो टाकला. दुपारी त्यांनाच साहेबांची नोटीस: अॅपमध्ये नोंद नाही, काम विनाकारण थांबवलं.

शांताबाई मला म्हणाल्या, "भाऊ, माज्या मोबाईलात त्ये अॅप बसतच न्हाई. बोटं तुटल्यावर नोंद करू व्हय?"

नोटिशीवर सुपरवायझर म्हणून माझी सही हवी होती. देवाला स्मरून सांगतो, मी केली नाही.

तुमच्याकडे अॅप निवडताना मशीनवरच्या माणसाला कुणी विचारतं का?