दाराची दिशा

ऐंशीच्या सुमारास सातपूरच्या आमच्या कारखान्यात तेलावरचा बॉयलर बसवायचा होता. त्याची खोली तयार करणारा फिटर कळवणकडचा. तो कधी बसायचाच नाही. झरोके तपासायचा, भिंती हुंगायचा, दारापर्यंतची पावलं पुन्हा पुन्हा मोजायचा. बघून मलाच धाप लागायची.

"दार भाईरच उघडाय पायजे, साहेब."

मी स्टोअरकीपर. "बाहेर माझे ड्रम आहेत. आत उघडू दे," हे माझं ठरलेलं उत्तर. शेवटी दार आत उघडणारंच बसलं.

एका दुपारी त्यानं मला खोलीत नेलं, गळ्यातला टॉवेल माझ्या डोळ्यांवर बांधला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. "धूर झालाय! पळा!"

चाचपडत मी दार गाठलं आणि ढकलतच राहिलो.

"आगीत माणसाला वढायचं सुचत नाय, साहेब," पलीकडून आवाज आला.

मी दार ओढलं. टॉवेल काढून पाहतो, तर तो माझे ड्रम हलवायला लागलासुद्धा होता.