नऊ ओळींचा कागद

अरुणा दळवीनं कागद माझ्यासमोर ठेवला. "काका, इथं सही करा. दुसरं नाव लागतं."

कागदावर नऊ ओळी होत्या. नऊ साप. आठ नर, एक मादी. तपासणाऱ्याच्या रकान्यात तिची सही होती. साक्षीदाराचा रकाना रिकामा होता.

"बरोबर कोण होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. एकटीनं केलं."

"मग मी काय पाहिलं म्हणून सही करू?"

ती हसली नाही. मीही नाही.

लिम चू कांगच्या बाजूला प्राण्यांचं हे केंद्र आहे. सिंगापुरात घरी साप पाळायला बंदी आहे. तरी लोक पाळतात. पकडले गेले की त्यांचे साप इथं येतात. मी एकतीस वर्षं जहाजदुरुस्तीच्या यार्डात पाइप फिटर होतो. आता आठवड्यातून दोन दिवस इथं पेट्यांच्या कड्या, बिजागऱ्या आणि नळ बघतो. पगार नाही. काम पगाराच्या कामासारखंच करतो.

अरुणा सेहेचाळीस वर्षांची, मूळची देवगडची. नवरा प्रकाश जहाजावर इंजिनीअर. वर्षातले सात महिने समुद्रात. ती जुरोंग ईस्टहून बसनं येते. सहा वर्षांपूर्वी पेट्या धुवायला लागली. पेटीचे कोपरे ती दात घासायच्या जुन्या ब्रशनं धुवायची, हे मी पाहिलं होतं. मग डॉक्टरांच्या हाताखाली उभी राहून साप नर की मादी हे ओळखायला शिकली. आता ते काम तीच करते. पण कोपरे नीट धुणारा माणूस कागदावर खोटं लिहिणार नाही, असं मी मानत नाही.

शंकेला कारण होतं. हे नऊ बॉल पायथन आंग मो किओच्या एका फ्लॅटमध्ये सापडले होते. अजगराच्या जातीतले, दोन-अडीच हात लांब, घाबरले की चेंडूसारखी गुंडाळी करणारे. परदेशातल्या एका संस्थेनं ते घ्यायचं कबूल केलं होतं, पण फक्त नर. त्यांना पैदास नको होती. मादीला दुसरीकडे जागा नव्हती. शुक्रवारी डॉक्टर येऊन तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देणार. हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गेले पाच महिने या सापांचं खाणंपिणं अरुणा करत होती. नऊतले आठ नर निघाले होते.

मॅनेजर टान जाताजाता थांबला आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "अंकल, जस्ट साइन लाह. एव्हरीबडी साइन."

सगळे करतात, हे खरं होतं. यार्डात मीही एकदा केली होती. टाकी रिकामी, असं लिहिलेलं होतं. तेल मोजायची सळई तळाला लागलीच नव्हती, पाइपातल्या गंजावर टेकली होती. मी न बघता सही केली. दुसऱ्या दिवशी तळाशी उरलेल्या तेलानं पेट घेतला आणि एका वेल्डरचे दोन्ही हात भाजले.

"सगळे नऊ पुन्हा कर," मी अरुणाला म्हणालो. "माझ्यासमोर."

"दुपार जाईल, काका."

"जाऊ दे."

मी चष्मा लावला. सापाचं पुढचं अंग तिनं मला धरायला दिलं. तिच्या हातात बोथट टोकाची पातळ सळई होती. ती जेलीत बुडवून शेपटीच्या मुळाशी असलेल्या आडव्या छिद्रातून शेपटीच्या दिशेनं हळू सरकवायची. नराच्या शेपटीत दोन खोल पिशव्या असतात; सळई आठ-नऊ खवले आत जाते. मादीत तीन-चारला थांबते. जिथं थांबली तिथं अंगठ्याचं नख लावायचं, सळई बाहेर काढून शेपटीवर ठेवायची आणि खवले मोजायचे. पहिला आठ. दुसरा नऊ. तिसरा आठ. मोजत मीच होतो.

चौथ्याला सळई तीनला थांबली. कागदावर नऊ होते.

"हे काय?" मी म्हणालो.

"आवळून धरलंय त्यानं."

"की मादी आहे?"

"असेल तर आत्ता कळेल. धरून ठेवा. दाबू नका."

"थोडी ढकलून बघ."

तिनं मान वर केली. "ढकलली तर आतलं फाटतं, काका. मग मादीसुद्धा नर निघते."

सळईवर रक्त दिसतं का, ते मी बघत राहिलो. दहा मिनिटं गेली. सापाची शेपटी सैल पडली. तिनं सळई दोन बोटांत किंचित फिरवली, ती आपोआप पुढे गेली. नऊ. सळई बाहेर आली ती स्वच्छ होती. तरी मी खवले दोनदा मोजले.

आठव्यापर्यंत सगळे आकडे कागदाशी जुळले. साडेचार वाजले होते.

नवव्या पेटीत अरुणाच्या घरचा जुना टॉवेल होता. कागदावरची मादी ती हीच; आल्यापासून काही खात नव्हती. अरुणा दर पाचव्या दिवशी फ्रीजरमधला मेलेला उंदीर कोमट करून तिच्यासमोर धरायची. सत्तराव्या दिवशी तिनं तो घेतला. त्या दिवशी अरुणानं केंद्रात सगळ्यांना चहा पाजला होता.

कागदावर बाकीच्यांसमोर एकेकच आकडा होता. हिच्यासमोर तीन तारखा होत्या आणि तीन आकडे. तीन, तीन, तीन.

सळई तीनला थांबली. आम्ही वाट पाहिली. साप माझ्या हातावर सैल पडून होता. अरुणानं सळई फिरवली, पुन्हा सरकवली. तीन. दुसऱ्या बाजूनं घातली. तीन.

जरा जोर लावला असता तर कागदावर नऊ नर झाले असते. एकटीच होती ती. विचारणारं कोणी नव्हतं.

"अजून एकदा बघ," मी म्हणालो.

"किती वेळा मोजलं की नर होईल, काका?"

तिनं सळई पुसून डबीत ठेवली. मी नऊ ओळींसमोर नऊ सह्या केल्या. शेवटची करताना पेन थांबलं, पण केली. तिनं कागद घेतला आणि टानच्या टेबलावर नेऊन ठेवला. मी तिच्यावर शंका घेतली होती हे तिला कळलं होतं. मी माफी मागितली नाही. मोजून घेणं चूक नव्हतं.

शुक्रवार माझा दिवस नव्हता. डॉक्टर दहाला येणार होते. साप धरायला दोन माणसं लागतात. मी साडेनऊला पोहोचलो तेव्हा अरुणा नववी पेटी उघडत होती. मला बघून तिनं टॉवेलसकट सापाला उचललं.

या वेळी डोक्याकडचा भाग तिनं स्वतःकडे ठेवला. मी शेपटी धरली.