विहिणीच्या घरी

आमच्या गावी, मुठ्याला, भाताची लावणी बघायला शेतावर गेले आणि बांधावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि तीन महिने एकटीनं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. आम्हाला मुलगी एकच. एक पुरे, तिला नीट शिकवू, असं आम्ही दोघांनी विचार करूनच ठरवलं होतं आणि त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण दवाखान्यातल्या खाटेवर पडल्यापडल्या कुणाकुणाला बोलवावं याचा विचार करू लागले, तर लेकीच्या पुढे नावच सुचेना.

ती माणला सासरी असते, नोकरी आयटी कंपनीत. जावईही एकुलता एक, आणि त्याचे वडील पक्षाघातानं अंथरुणावर. आठ दिवस लेक माझ्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसायची आणि रात्री घरी पळायची. एके दुपारी मला सूप भरवताना चमचा हातात धरूनच तिला डुलकी लागली. मी चमचा हळूच काढून घेतला.

सुट्टी मिळायच्या दिवशी विहीणबाई आल्या. नऊवारी नेसलेल्या, चौथी शिकलेल्या, आवाज असा की नर्सही दचकल्या.

"सामान कुटं हाय?"

मी म्हटलं, "मुठ्यालाच जाईन. एखादी बाई ठेवेन कामाला. लेकीच्या घरी कसं राहायचं?" मला मुलगी होईपर्यंत माझी आई माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नव्हती. ते डोक्यातून जात नव्हतं.

"लेकीच्या कुटं?" त्या म्हणाल्या. "घर माजं हाय. तुमी माज्याकडं चाललाय."

त्यांनी भाड्यानं दिलेली खालची खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती. पहिल्या दिवशी मला अंघोळ घालायला त्या स्वतः आल्या. मी संकोचानं अंग चोरून बसले.

"लाजताय काय? मालकांना चार वर्सं घालतीया मी अंघोळ," म्हणून त्यांनी पहिला तांब्या ओतला.

भावकीत कुजबुज झाली. त्यांच्या जाऊबाईंनी दारात येऊन विचारलंच, "विहिणीला कुनी घरात ठिवून घेतं व्हय?"

"मग काय करू? सुनंचे दोन तुकडे करून एक मुठ्याला धाडू?" विहीणबाई म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

याच बाईंनी मागं माझ्या लेकीशी महिनाभर अबोला धरला होता. एका नातीवर थांबू नका, दुसरं होऊ द्या, हा त्यांचा हट्ट. लेक नाही म्हणाली होती. तो विषय काढायची माझी हिंमत नव्हती. एकदा शेंगा फोडताना त्यांनीच काढला.

"आमी सात बहिनी. आई पडली तवा एक न्हाऊ घालायची, एक सैपाक करायची, एक नुसतीच जवळ बसायची. म्हून सुनंला लई बोलले. तिचं बरूबर का माजं, मला अजून कळंना. पन हायेत त्या मानसांत भागवाय पायजे ना?"

मी पुढची शेंग फोडली. माणूस आपलं मत सोडत नाही आणि तरीही दुसऱ्याचं ओझं उचलतो, हे मी इतक्या जवळून आधी पाहिलं नव्हतं.

वॉकर आल्यावर मी व्याह्यांच्या खोलीपर्यंत जाऊ लागले. त्यांना बोलता येत नाही, पण मी पेपर वाचायला लागले की डोळे माझ्याकडे लावून ऐकतात. तेवढा तासभर विहीणबाई देवळात जाऊन येऊ लागल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच, असं लेकीनं सांगितलं.

तीन महिने झाल्यावर मी मुठ्याला निघाले. त्यांनी अडवलं नाही. "खोली भाड्यानं देत न्हाई," एवढंच म्हणाल्या. आता मी पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस माणला असते.

गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीतली एक बाई त्यांच्याकडे आली. तिच्या सुनेचे आईवडील बावधनला दोघंच राहतात, आईला आता दिसत नाही, आणि सून रोज रडते. काय करावं, ते विचारायला ती आली होती.

विहीणबाईंनी तिला चहा दिला, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल, तुजी रिकामी माडी दाव मला. संडास वर हाय का खाली?"

दोघी बाहेर पडल्या. मी पेपर घेऊन व्याह्यांकडे गेले.